आवर्तातील धूळकण : संगणकाच्या पडद्यावरून फुप्फुसापर्यंत

नार्वे गावाच्या एका अंगास मांडवी वाहते आणि दुसरीकडे डिचोलीचा खाणपट्टा पसरला आहे. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननास नव्याने प्रारंभ झाला. आम्हा डॉक्टरांच्या दारात त्याबरोबर एक जुना प्रश्न परत आला आहे. धुळीतील कोणता कण वाटेत अडतो आणि कोणता फुप्फुसात उतरतो?

धूळ अडविण्याचे सर्वांत साधे यंत्र म्हणजे सायक्लोन. वर नळकांडे, खाली निमुळते होत जाणारे नरसाळे. धुळीची हवा बाजूने स्पर्शरेषेत आत शिरते, भिंतीलगत गरगरत खाली जाते, तळाशी वळते आणि मधल्या आवर्तातून वरच्या नळीने बाहेर पडते. आत फिरणारा एकही भाग नाही. फिरते ती केवळ हवा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या सायक्लोनमध्ये भिंतीजवळ हवा सेकंदाला १५ मीटर वेगाने फिरत असेल, तर कणावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १५० पट ओढ बसते. जड कण भिंतीवर फेकले जाऊन खाली घसरतात. मात्र स्टोक्सच्या नियमानुसार कणाची भिंतीकडे सरकण्याची गती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १० मायक्रॉनच्या कणापेक्षा २ मायक्रॉनचा कण २५ पट सावकाश सरकतो, आणि तोवर हवा बाहेर निघून गेलेली असते.

हे सारे संगणकावर पाहता येते. संगणकीय प्रवाहगतिकीत सायक्लोनच्या पोकळीचे लक्षावधी चिमुकले कप्पे पाडतात, प्रत्येक कप्प्यात वस्तुमान व संवेग यांचा ताळेबंद सोडवितात आणि मग निरनिराळ्या आकाराचे हजारो कण त्या प्रवाहात सोडून त्यांचा माग काढतात. खरी अडचण संक्षोभाची आहे. अभियंत्यांचे नित्याचे ‘के-एप्सिलॉन’ प्रारूप संक्षोभ सर्व दिशांना सारखाच मानते. सरळ नळीत ते चालून जाते. गरगरत्या प्रवाहात चालत नाही. सायक्लोनमध्ये फिरण्याचा वेग अक्षापासून वाढत जातो, एका अंतरावर शिखर गाठतो आणि भिंतीकडे पुन्हा उतरतो. हे प्रारूप मात्र जवळजवळ सगळी हवा घन चाकासारखी फिरविते. १९८२ मध्ये शेफील्डच्या बॉयसान, एअर्स व स्विदनबँक यांनी सायक्लोनचे जे गणित मांडले, त्यातच ही उणीव दाखविली होती. म्हणून आज प्रत्येक दिशेचा ताण वेगळा मोजणारे रेनॉल्ड्स-ताण प्रारूप, किंवा त्याहून खर्चिक अशी मोठ्या भोवऱ्यांची थेट गणना वापरतात. रंगीत चित्र दोन्हींचे सारखेच देखणे दिसते. तेव्हा असा अहवाल हाती आला, तर प्रारूप कोणते वापरले हे आधी विचारावे, असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न टक्केवारीचा. समजा, १०० ग्रॅम धुळीत ९० ग्रॅम जाड व १० ग्रॅम बारीक कण आहेत. जाड सर्व अडले आणि बारीकांपैकी निम्मे निसटले, तर कार्यक्षमता ९५ टक्के. यंत्र विकणाऱ्यास ती पुरेशी वाटेल. पण निसटलेले पाचही ग्रॅम बारीकच आहेत, आणि २० मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात २ मायक्रॉनचे हजार कण मावतात.

आपल्या नाकाची कथाही अशीच. हवेला नासाग्रसनीत काटकोनात वळावे लागते. मोठे कण जडत्वामुळे वळू न शकल्याने तेथेच आदळतात. साधारण ४ मायक्रॉनखालचे कण वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. इन्हेलरमधील औषधाचे कण १ ते ५ मायक्रॉनचे करतात, तेही याच खिडकीतून आत जावेत म्हणून. श्रमाचे काम करणारा मजूर तोंडाने श्वास घेऊ लागला की नाकाची चाळण वगळली जाते. व्यवसायाचा इतिहास विचारताना हे ध्यानात ठेवावे. निव्वळ लोहधुळीने होणारा सिडेरोसिस क्ष-किरणात ठळक दिसूनही पुष्कळदा निरुपद्रवी असतो. सिलिका मिसळलेली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

गमतीचा भाग असा, की कामगाराच्या छातीशी अडकविण्याच्या धूळमापकातही एक बोटाएवढा सायक्लोनच असतो. १० मिलिमीटर व्यासाच्या नायलॉन सायक्लोनमधून मिनिटाला १.७ लिटर हवा ओढली, तर ४ मायक्रॉनच्या आसपासचे निम्मे कण गाळणीपर्यंत जातात; मोठे वाटेतच पडतात. पंप जोरात चालविला, तर आवर्त तीव्र होते, बारीक कणही खालच्या भांड्यात पडतात आणि गाळणीवरील धूळ वास्तवापेक्षा कमी भरते. अहवालात प्रवाहाचा आकडा नसेल, तर धुळीच्या आकड्यास मी फारशी किंमत देत नाही.

खनिज धुण्याच्या कारखान्यांत हेच तत्त्व पाण्यात वापरतात. हायड्रोसायक्लोनच्या तळातून जाड खनिज मिळते आणि वरून अतिसूक्ष्म गाळ वाहून जातो. तो साठवणीच्या तळ्यात नीट अडला नाही, तर पावसाळ्यात शेतांत उतरतो. त्याचा लाल थर आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. रस्त्यावर ट्रकांमागे उठणाऱ्या धुळीला मात्र कोणताही सायक्लोन उपयोगी नाही. तेथे घट्ट बांधलेली ताडपत्री, ट्रकांचा कमी वेग आणि वारंवार शिंपलेले पाणी, एवढीच साधने आहेत.