एकेका बशीचा हिशेब

अगं, जबलपुरात रोज गोरखपूरहून अधारतालला जाऊन बशांमधल्या गाजरगवताच्या उगवलेल्या बिया मोजतेस, रात्री पुन्हा लॅपटॉप उघडतेस. ते कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून सांगते, आर या संगणकभाषेतल्या लॉगलिकच्या, म्हणजे लॉग-लाइकलीहूडच्या, एका आकड्यावर थांबू नकोस. तो सगळ्या बशांची बेरीज आहे. कुठली बशी मॉडेलशी पटत नाही, हे त्यात दिसत नाही.

समज, बशीत 25 बिया आहेत आणि मॉडेलच्या मते उगवण्याची शक्यता 0.8 आहे. 20 उगवल्या तर त्या बशीचं लॉग-लाइकलीहूड येतं −1.63. बाराच उगवल्या तर थेट −8.14! बेरजेत ही बशी इतरांच्या गर्दीत दडून जाते.

एकेका बशीचा आकडा काढणं अवघड नाही गं. आरमधल्या डीबायनॉमला उगवलेल्या बिया, एकूण बिया आणि मॉडेलची शक्यता दे, लॉग चालू ठेव. चौकटीतली तणाची रोपं मोजली असशील तर डीपॉइस. उगवण प्रमाणात भरली असशील, तर एकूण बिया वेट्समध्ये असतात. तिथून त्या घ्यायला विसरू नकोस.

रोपांच्या वजनाचं नॉर्मल मॉडेल असेल तिथे मात्र जप. समरीतला सिग्मा काढताना निरीक्षणांतून गुणकांची संख्या वजा केलेली असते. लॉगलिक वजाबाकी न करता निरीक्षणांच्या पूर्ण संख्येने भागतं. एकेका ओळीचा आकडा काढताना लॉगलिकचाच सिग्मा वापर. ओळींची बेरीज लॉगलिकशी जुळल्याशिवाय पुढे जाऊच नकोस.

लॉगलिकवर एवढा भरवसा का, म्हणशील, तर कोल्हापूरच्या संख्याशास्त्रज्ञ वसंत हुजूरबाजारांनी 1948 साली दाखवलं, की नमुना मोठा असेल तर लाइकलीहूड समीकरणाचं सुसंगत उत्तर एकच असतं. पण हा भरवसा मॉडेल मुळात बरोबर असेल तरच, आणि ते तपासायला एकेक ओळच बघावी लागते.

दोन मॉडेलांत निवड करायची असली तरी हेच. प्रत्येक ओळीतला फरक काढ. वुआँगची 1989 ची चाचणी त्याच फरकांवर उभी आहे.

आणि बऱ्याच बशांचे आकडे त्या −8.14 सारखे खोल गेले, तर बीटा-बायनोमियल मॉडेल करून बघ. एखाद्याच बशीचा गेला असेल, तर ती खोडण्याआधी नोंदवही उघडून बुरशी लागली होती का, पाणी कमी पडलं होतं का, एवढं नक्की बघ.