वेणीची टोपी विणण्यापूर्वी

चि. सोनूस,


दादासाठी वेणीच्या नक्षीची टोपी विणायची ठरवलीस, हे वाचून फार आनंद झाला. तो आता गॉलवेला आहे आणि त्या शहरासमोरच्याच उपसागराच्या तोंडाशी अ‍ॅरन बेटं आहेत. वेण्या, जाळ्या, दाणे अशा उठावाच्या विणीचे स्वेटर जगभर त्याच बेटांच्या नावानं ओळखले जातात. म्हणजे नक्षी तू अगदी योग्य निवडलीस.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण टोपी हातात पडली की कुणीतरी त्याला ती ऐकवेलच. तिथल्या प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असे आणि समुद्रात बुडालेला कोळी त्या विणीवरून ओळखता येई, असं सांगतात. ते खरं नाही. अ‍ॅरनचा हा नक्षीदार स्वेटर साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. या कथेला बळ मिळालं ते जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकामुळे. १९०४ साली ते रंगमंचावर आलं. त्यात बुडालेल्या भावाचा मोजा बहीण ओळखते, पण कुठल्या घराण्याच्या नक्षीवरून नाही. तिनं साठ टाके घातलेले असतात आणि त्यातले चार सोडलेले असतात, ते तिला आठवतं. मला ही गोष्ट त्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोठी वाटते. त्या मुलीला स्वतःचं विणकाम वाचता येत होतं. तुलाही मला तेच शिकवायचं आहे.

तू पाठवलेल्या फोटोत कागदावर ओळीमागून ओळी खोडत विणताना दिसलीस. सुरुवातीला ते ठीक आहे. पण कागदावर नजर असली की सुईवर काय चाललंय ते दिसत नाही, आणि दारावरची बेल वाजली की सगळा हिशेब चुकतो. विणलेल्या कापडाकडे बघ. सुलट टाका ‘व्ही’सारखा दिसतो, उलट टाक्याला आडवा उंचवटा असतो. वेणी जिथे वळते तिथे कडेला एक छोटी फट राहते. त्या फटीत मागून बोट घाल आणि तिथून सुईपर्यंतचे आडवे धागे मोज. शेवटचं वळण घेऊन किती फेरे झाले ते कळतं. पहिल्या वेणीला कागदाशी ताडून बघ, पुढे कागद लागणार नाही.

आता लोकर. बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. रंग सुंदर, धुवायला सोपी, पण या टोपीला नको. गॉलवेची थंडी बर्फाची नसते, पारा शून्याखाली फारसा उतरत नाही. तिथे त्रास असतो तो अटलांटिकवरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याचा. मेंढीची खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. तिचे तंतू कुरळे असल्यानं त्यांच्यात हवा अडकून राहते, आणि वेणीच्या विणीत कापड दुहेरी जाड होतं तिथे ती आणखी अडकते. म्हणून उठावाची वीण नुसती शोभेची नाही. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, पण कपाळाला ती टोचेल. मेरिनो घे, फिकट रंगाची. गडद रंगात वेणीची सावली हरवते आणि एवढी मेहनत दिसतच नाही. सगळे गुंडे एकाच रंगलॉटचे बघून घे.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नमुन्याचा तुकडा. तो साध्या सुलट विणीत विणू नकोस, वेणीच्याच नक्षीत वीण. वेणी कापड आत ओढते. ज्या लोकरीवर साध्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात, तिथे वेणीत २४ सहज बसतात. साध्या विणीवर हिशेब केलास तर टोपी लहान मुलाची होईल. तुकडा धुऊन, सपाट वाळवून मगच मोज. लोकर पाण्यातून निघाली की सैल होते.

दादाचं डोकं ५६ सेंटिमीटर म्हणतेस. टोपी डोक्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी हवी, नाहीतर वाऱ्यात वर सरकते. म्हणजे ५० धर. दर १० सेंटिमीटरला २४ टाके आले तर १२० टाके. सहा सुलट, दोन उलट अशी आठांची नक्षी, म्हणजे बरोबर पंधरा वेण्या. बॉर्डरला मात्र १०४ टाकेच घाल, नऊ नंबरच्या वायरच्या गोल सुईवर, दोन सुलट दोन उलट. बॉर्डर पुरेशी झाली की एका फेऱ्यात सारख्या अंतरानं १६ टाके वाढव आणि सात नंबरच्या सुईवर जा. (नंबर कमी तशी सुई जाड, हे लक्षात आहे ना?) दर आठव्या फेऱ्याला पहिले तीन टाके जादाच्या छोट्या सुईवर घेऊन पुढे धर, नंतरचे तीन वीण, मग ते तीन वीण. पुढे धरलेस तर वेणी डावीकडे झुकते, मागे धरलेस तर उजवीकडे. एकदा ठरवलंस की सगळ्या वेण्यांना तेच.

एखादी वेणी चुकून उलटी वळली आणि दहा फेऱ्यांनंतर दिसली तर सगळं उसवू नकोस. त्या वेणीवर ये, तेवढेच सहा टाके सुईवरून सोड, चुकीच्या वळणापर्यंत खाली उसव आणि दोन छोट्या सुयांवर त्या सुटलेल्या धाग्यांनीच पुन्हा वर वीण. पहिल्यांदा हात थरथरतो. पण शेजारचे टाके जागचे हलत नाहीत, हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की भीती जाते. एकच टाका गळला असेल तर क्रोशाची सुई पुरते.

माथा मिटवताना घाई करू नकोस, टोपीचं रूप तिथे ठरतं. आधी वेण्यांमधले दोन-दोन उलट टाके एकत्र वीण, १०५ उरतील. वेण्या तशाच वर चढू देत. मग वळण घेतानाच प्रत्येक वेणीतले सहाचे चार कर, पुढे चाराचे दोन. शेवटी उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून घट्ट ओढ आणि टोक आतून नीट लपव. वर गोंडा लावायचा की नाही ते दादाला विचार. मला विचारशील तर नको, पंधरा वेण्या माथ्यावर एकत्र येतात ते झाकलं जाईल.

तुकडा वाळला की मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो पाठव. तोवर टाके घालू नकोस.

तुझी,
मावशी