बोर्डिंगातले एक वर्ष

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. शेतकऱ्याचे वर्षही तेव्हाच सुरू होते. पेरणीला माणूस हवा, आणि त्याच दिवसांत पोराची वळकटी बांधून त्याला साताऱ्याला धाडायचे! “पोरगं शाळंला गेलं, तर कुळव कुणी धरायचा?” असे बाप विचारी. त्याचे काय चुकले?

आज आपण १९५६-५७ या शाळेच्या वर्षाबद्दल वाचणार आहोत.

तेव्हा पुष्कळ खेड्यांत हायस्कूल नव्हते. पुढे शिकायचे तर घर सोडावे लागे. मग राहायचे कुठे? खायचे काय? आम्हाला वाटते, गरिबाच्या पोराला फीपेक्षा भाकरीनेच जास्त अडवले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार आधी ओळखले होते. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले. तेव्हा त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. त्या १९३० साली वारल्या. पुढे अशी बोर्डिंगे ठिकठिकाणी निघाली. गावोगाव घरटी मूठमूठ धान्य मागून कोठी भरायची. राहिलेली भर मुलांनी अंगमेहनतीने घालायची. पाणी भरणे, दळणे, झाडलोट, शेतातले काम, सारे मुलेच करीत. वडीलधारी मंडळी अजून सांगतात, भाकरी कधी जाड, कधी करपलेली. पण ती भाकरी फुकटची नव्हती, बरे का!

आणि पंगत एकच. मराठा, महार, मांग, धनगर, मुसलमान, सारे एका ओळीत बसत. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. तेव्हा खेड्यात पाणवठेसुद्धा वेगळे होते. सुट्टीत घरी गेलेल्या पोराला कोणी विचारले, “कुणाच्या मांडीला मांडी लावून जेवलास रं?” तर काय सांगावे, असा त्याला पेच पडे.

दिवाळीच्या सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबई राज्य वाढले. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ त्यात आले. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा वर्षाच्या मध्येच जुना झाला.

पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीत वारले. बाबासाहेब लहानपणी याच साताऱ्यात शिकले. नोव्हेंबर १९०० मध्ये तिथल्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यायचे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तहान तशीच. छप्पन्न वर्षांनी त्याच गावात पोरे एका पंगतीत जेवत होती. ज्या घरांत पाणवठ्याचा अपमान रोजचा होता, त्या घरांतल्या पोरांना ही बातमी कशी लागली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मार्चमध्ये अकरावीची परीक्षा. लोक तिला मॅट्रिकच म्हणत. इकडे ज्वारीची सुगी! पुन्हा बापाचा निरोप येई. काही पोरे त्या निरोपाने जात, ती परत येत नसत.

वर्ष संपता संपता, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले. तोवर रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते. आता रुपयाचे १०० नवे पैसे झाले. जुनी नाणी लगेच बंद झाली नाहीत. दोन्ही चालत. कोठीचा हिशेब पुष्कळ ठिकाणी मुलेच ठेवीत. त्यांना नवे कोष्टक शिकावे लागले. ते असे होते :

१ आणा म्हणजे ६ नवे पैसे.
२ आणे म्हणजे १२ नवे पैसे.
३ आणे म्हणजे १९ नवे पैसे.
४ आणे म्हणजे २५ नवे पैसे.

आता एका दुकानातून दोन आण्यांची मिरची आणली, दुसऱ्यातून दोन आण्यांचे मीठ. वहीत एकूण किती नवे पैसे लिहायचे? मिरची तीन आण्यांची व मीठ एका आण्याचे असते, तर किती? दोन्ही हिशेब पाटीवर मांडून पाहा.