गोळी एकच, सल्ले दोन

साकोली तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न : मुलीला सिकलसेल आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायला सांगितलं. गावातले डॉक्टर म्हणतात, ती कॅन्सरची गोळी, फॉलिक अॅसिड पुरे. ऐकायचं कुणाचं?

तज्ज्ञांचं उत्तर : गोळी काही कॅन्सरमध्येही देतात, हे खरं. पण तिच्यामुळे गर्भात असताना बाळाच्या रक्तात असणारं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि हाडं पिळवटणाऱ्या वेदनांचे झटके कमी होतात. अमेरिकेत सिकलसेलसाठी तिला १९९८ मध्येच मान्यता मिळाली. फॉलिक अॅसिड झटके थांबवत नाही.

आधी मुलीच्या रक्ततपासणीचा अहवाल नीट पाहावा. ‘एसएस’ म्हणजे आजार, ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहकाला ही गोळी लागत नाही. नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीवरून हा फरक कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी हवीच.

सगळे कागद घेऊन रक्तविकारतज्ज्ञांना भेटावं. गोळी सुरू झाल्यावर सीबीसी ही रक्ततपासणी चुकवू नये. ताप आला तर मात्र थेट रुग्णालय गाठावं.