आधी हौदा वाचा, मग मीटर

धुळ्यातल्या देवपुरात माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. पिकअपशिवाय हे काम चालत नाही आणि शोरूममधून नवी गाडी काढावी एवढा गल्ला लग्नसराई सरल्यावर उरत नाही. त्यामुळे जुन्या डिझेल गाड्या बघणं, घेणं आणि बऱ्याचदा न घेणं हे माझं जोडकामच झालंय. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. म्हणून इथे विकायला येणाऱ्या गाड्या नुसत्या एमएच-१८च्या नसतात. जळगावची १९, नंदुरबारची ३९, मालेगावची ४१, कधी गुजरात-मध्य प्रदेशच्याही निघतात. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "भाऊ, मीटर साठ-सत्तर हजार दाखवतंय, घेऊन टाकू का?" त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

१. किती चालली याआधी काय वाहिलं ते विचारा

साठ हजार किलोमीटर हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. धुळे ते नाशिक किराणा नि पार्सल वाहून नव्वद हजार चाललेली गाडी मी डोळे मिटून बघायला जाईन. गिरणा-तापीच्या पात्रातून वाळू ओढून चाळीस हजार झालेली गाडी फुकट मिळाली तरी दारात उभी करणार नाही. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "घरचीच गाडी आहे, भाड्याला कधी लावलीच नाही." घरच्यांनी पिकअपमधून नेमकं काय नेलं, हे मात्र हौदा सांगतो.

वाळू-खडी वाहिली असेल तर हौद्याचा तळ घासून गुळगुळीत होतो, कोपऱ्यांत पत्र्याचे तुकडे वेल्डिंग केलेले दिसतात, मागचे पाटे सपाट झालेले असतात किंवा एखादा जास्तीचा पाटा चढवलेला असतो. रावेर-यावलकडची केळीची गाडी चिकाच्या काळ्या डागांवरून ओळखू येते. ते डाग रंग मारल्याशिवाय जात नाहीत. अशा गाडीचं इंजिन बरं असू शकतं, पण शेतातल्या चिखलवाटांनी खालचे जॉइंट आणि बुश ढिले केलेले असतात. दुधाची किंवा गुरांची गाडी आतून गंजते. कापसाची गाडी उंच भरतात, पण माल वजनाला हलका, म्हणून ती बहुधा ठणठणीत निघते. हौद्याला ताजा रंग दिसला, तर मी गाडीखाली जाऊन चेसिस बघतो. तिथे सहसा कुणी रंग मारत नाही.

वाळूच्या गाडीत आणखी एक गोम आहे. अवैध वाळू वाहताना पकडलेलं वाहन महसूल खातं जप्त करू शकतं. म्हणून तहसीलमध्ये गाडीच्या नंबरावर दंड थकलेला आहे का, हे इसार देण्याआधी विचारून यावं.

२. मीटरचा साक्षीदार शोधा

मीटर मागे फिरवणारे कारागीर प्रत्येक शहरात असतात. म्हणून एकट्या मीटरचं ऐकायचं नाही. गाडीच्या नंबरावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जुनी नोंद निघते. फास्टॅगचा हिशेब मालकाच्या मोबाइलवरच असतो, तो दाखवायला तो कां कू करू लागला की मी पुढचा चहा घेत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांची गाडी, मीटर तीस हजार आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, असं असेल तर पहिले टायर कुठे झिजले ते विचारावं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर मीटर काहीही दाखवो, पाय खूप चाललेला असतो.

३. इंजिन थंड असताना जा

फोनवरच सांगावं, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला धरतं का, सुरू झाल्यावर ठोका ऐकू येतो का, हे तेव्हाच कळतं.

धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. नोजल, एअर फिल्टर किंवा टर्बो बघावा लागेल. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात असण्याची शक्यता असते. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघावं. तिथून भकाभका वारा आणि धूर आला तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय आणि रिंग-पिस्टनचं काम उभं आहे. एवढं बघायला मिस्त्री लागत नाही. पण सोबत मिस्त्री जरूर न्यावा, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.

४. लळिंगचा घाट भरल्या गाडीने चढा

देवपुरातून रिकामी गाडी नकाणे तलावापर्यंत फिरवून आणणं ही चाचणी नव्हे. पिकअप ओझ्यासाठी असते, तेव्हा तिची परीक्षा ओझ्यानेच व्हावी. मी माझेच लोखंडी पाइप आणि गाद्या भरतो आणि लळिंगच्या चढाला लावतो. चढताना इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट गेली. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर रेडिएटर किंवा हेड गॅस्केट. उतरताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर ब्रेक. चौथ्या गिअरमध्ये पाय काढल्यावर मागून घुंइं आवाज आला तर क्राऊन-पिनियन. विकणारा भरून चालवू देत नसेल, तर त्याला गाडीची तब्येत आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

५. मालकापेक्षा ड्रायव्हरला विचारा

मालक किंमत सांगतो, ड्रायव्हर गाडी सांगतो. साक्रीकडच्या एका गाडीचा ड्रायव्हर चहा पिता पिता सहज बोलून गेला, "गाडी चांगली शे भाऊ, फक्त घाटमा पाणी देखनं पडस." त्या एका वाक्याने मला रेडिएटर आणि हेडचा खर्च धरून भाव बोलता आला, आणि मालकानेही तो मुकाट्याने मान्य केला.

६. कमी चाललेली गाडी नेहमीच चांगली नसते

देशभर १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर असेल, तर साचलेली काजळी जाळण्यासाठी तिला अधूनमधून सलग लांब पळावं लागतं. ज्या गाडीने गोदाम ते कार्यालय एवढीच ये-जा केली, तिचं मीटर कमी आणि फिल्टर चोंदलेला, असं होऊ शकतं. माझ्या धंद्यात नेमकी अशीच धाव असते, म्हणून मी हे आवर्जून तपासतो. बीएस-६ गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय भाव बोलू नये.

उभी राहिलेली गाडी पुरात होती का, हेही बघावं. ऑगस्ट २०१९मध्ये पांझरेला पूर आला, त्याच महिन्यात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. सीटखालची पट्टी गंजलेली, बेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटाला गाळाची रेघ दिसली, तर गाडीच्या वायरिंगवर भरवसा नको.

७. आठवं वर्ष लक्षात ठेवा

मालगाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी होतं, नंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. म्हणून साडेसात वर्षांच्या गाडीचा भाव सहा वर्षांच्या गाडीसारखा देऊ नये, मीटर सारखं असलं तरी.

८. नावावर होईपर्यंत गाडी आपली नाही

स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे व्यवहार झाला, असं मानणारे पुष्कळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक. अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणून विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र, परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, विम्याचं हस्तांतर आणि थकलेली ई-चलनं, सगळं एकाच बैठकीत. बँकेने ओढून आणलेली गाडी स्वस्त मिळते, पण तिची कागदं दुप्पट बारकाईने वाचावी.

९. शेवटी आपलं काम मोजा

आपलं ओझं अडीच टनांचं असेल तर दीड टनाची पिकअप कितीही चांगली असली तरी ती आपली नाही. जादा माल सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. महिन्यातून मोजक्याच फेऱ्या असतील तर भाड्याची गाडी परवडते. हप्ता मात्र पावसाळ्यातही चालू राहतो. गाडीच्या किमतीपलीकडे तिचा सहावा हिस्सा टायर, बॅटरी, ब्रेक आणि कागदांसाठी हातात नसेल, तर मी सौदा करत नाही.

आणि भाव ठरवताना क्रम असा: आधी गाडीने काय वाहिलं, मग तिची देखभाल कुणी केली, मग कागद कुणाच्या नावावर. या तिन्ही उत्तरांचा मेळ बसला तर मीटर ऐंशी हजार असलं तरी घ्यावी. एकही अडखळलं, तर पन्नास हजारांचं मीटरही स्वस्त नाही.