प्रश्नातून प्रबोधन : संत गाडगेबाबांची लोकशिक्षणपद्धती

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

दरवर्षी २३ फेब्रुवारी आणि २० डिसेंबर या दोन दिवशी प्राथमिक शाळांतून संत गाडगेबाबांचे स्मरण केले जाते. त्यांच्या तसबिरीस हार घातला जातो, शाळेचे आवार झाडले जाते आणि स्वच्छतेच्या महत्त्वावर भाषण होते. मुले हाताची घडी घालून ते ऐकतात व सुटी होताच घरी जातात. हा उपक्रम चांगला आहे. परंतु त्यामुळे बाबांचे अर्धेच दर्शन मुलांना घडते. त्यांचा खराटा सर्वांच्या लक्षात राहिला, त्यांचा प्रश्न मात्र विस्मृतीत गेला. वास्तविक खराट्याने दिवसा रस्ता झाडून झाल्यावर रात्री हा पुरुष श्रोत्यांची मने झाडण्यास उभा राहत असे, आणि त्या कामी त्याचे साधन होते प्रश्न. शाळेची पायरीही न चढलेल्या एका माणसाने अर्धशतकभर लोकशिक्षकाचे कार्य कसे केले, हे समजावून घेणे प्राथमिक शिक्षकास अनेक दृष्टींनी उपकारक ठरेल.

पूर्वायुष्य

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी हे दारूच्या व्यसनास बळी पडले आणि डेबूजी लहान असतानाच निवर्तले. आई सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे डेबूजीने मामांची गुरे राखली, नांगर धरला आणि शेतीची सर्व कामे मन लावून केली. शाळेत जाण्याचा योग मात्र आला नाही.

याच घरात त्याला दुसरा धडा मिळाला. मामांनी सावकाराशी कर्जाचा व्यवहार केला होता. अक्षरओळख नसल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना कळले नाही आणि कसदार जमीन हातची गेली. बापाचा संसार दारूने बुडाला होता. मामांचा संसार कर्जाने आणि निरक्षरतेने बुडाला. पुढे हजारो कीर्तनांतून गाडगेबाबांनी ज्या गोष्टींवर आघात केला, त्या त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतल्या नव्हत्या. त्या त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्याच्या आतील होत्या.

१८९२ मध्ये डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाच्या वेळी जातीच्या रीतीप्रमाणे मांसाहाराची व दारूची पंगत द्यावयाची होती. डेबूजीने ती रीत मोडली व गोड जेवण घातले. भाऊबंदांचा रोष त्याने पत्करला. पण ज्या दारूने आपले वडील नेले ती आपल्या घरच्या मंगलकार्यात त्याने येऊ दिली नाही. सुधारणेचा प्रारंभ त्याने अशा रीतीने स्वतःच्या अंगणातून केला.

गृहत्याग आणि नावाची कथा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांची वस्त्रे, हातात खराटा आणि जवळ मातीचे एक फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्याच गाडग्यात ते भाकरी घेत, त्यातूनच पाणी पीत आणि ऊन लागले म्हणजे तेच डोक्यावर पालथे घालीत. या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. काही भागांत, अंगावरील गोधडीमुळे, गोधडेबुवा हेही नाव रूढ झाले.

गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ता झाडावयास लागत. प्रथम लोकांस हा कोणी वेडा वाटे. पुढे कुतूहल निर्माण होई, मग संकोच वाटू लागे, आणि शेवटी चार तरुण स्वतःच झाडू घेऊन येत. सायंकाळपर्यंत गाव स्वच्छ होई. मग बाबा सांगत, आज रात्री येथे कीर्तन आहे. म्हणजे व्याख्यानाच्या आधीच व्याख्यानाचा विषय श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष उभा केलेला असे. श्रम केल्यावाचून ते कोणाची भाकरी स्वीकारीत नसत. कोणी पायांवर डोके ठेवू लागल्यास त्यास ते दूर सारीत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपणास कोणी शिष्य नाही, असे ते वारंवार बजावीत.

कीर्तनाची रीत

महाराष्ट्रातील पारंपरिक नारदीय कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग असतो, गायनवादनाची साथ असते आणि कीर्तनकाराच्या मुखातून निरूपण चालते. गाडगेबाबांनी कीर्तनाचे नाव ठेवले, पण त्याचे स्वरूप आपल्या हेतूस अनुसरून बदलले. गोपाळनामाच्या गजराने आरंभ होई. सर्व समुदाय टाळ्यांच्या ठेक्यावर तो गजर उचलून धरी. हजारो माणसे एका स्वरात बोलू लागली म्हणजे त्यांच्यातील परकेपणा व भीड नाहीशी होई. त्यानंतर बाबा आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलावयास लागत. तुकोबांचा किंवा कबीराचा आधार ते घेत, परंतु संस्कृत वचनांचा भार श्रोत्यांवर टाकीत नसत.

येथून पुढे प्रश्नांची मालिका सुरू होई. प्रथम असा प्रश्न येई की त्याचे उत्तर लहान मूलही देऊ शकेल. मूर्तीला स्नान कोण घालते? तिला वस्त्र कोण नेसविते? पुढे ठेवलेल्या नैवेद्याचे रक्षण कोण करते? प्रत्येक प्रश्नास समुदायातून एकमुखाने उत्तर मिळे. उत्तरामागून उत्तर देत श्रोते अशा ठिकाणी येऊन पोहोचत की नवसाला बोकड कापणे किंवा सण साजरा करण्यास कर्ज काढणे यात देवाची सेवा नाही, हे त्यांचे त्यांनाच बोलून दाखवावे लागे. निष्कर्ष श्रोत्यांच्या मुखातून निघाला की त्यावर ते वाद घालू शकत नसत. तो त्यांचा स्वतःचा झालेला असे.

या पद्धतीची तीन अंगे शिक्षकाने लक्षात घ्यावीत. पहिले अंग असे की प्रश्न श्रोत्याच्या नित्याच्या अनुभवातून निघत असे. दुसरे, प्रश्नांस क्रम असे. सोप्याकडून अवघडाकडे आणि दिसणाऱ्या वस्तूकडून न दिसणाऱ्या तत्त्वाकडे तो क्रम जाई. तिसरे अंग विनोदाचे. बाबांच्या बोलण्यावर लोक पोट धरून हसत; पण त्या हास्यात कोणा एका दुर्बळाची थट्टा नसे. श्रोते आपल्याच वेडेपणाला हसत आणि हसता हसता अंतर्मुख होत.

दारू, कर्ज, पशुबळी, लग्नातील उधळपट्टी, अस्पृश्यता व अज्ञान हे त्यांच्या कीर्तनाचे ठरलेले विषय होत. त्यांतही शिक्षणाविषयी त्यांचा आग्रह विलक्षण होता. घरात पैसा नसेल तर जेवणाचे ताट विकावे आणि भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नये, असे ते कळवळून सांगत. कागद वाचता न आल्यामुळे जमीन गेलेल्या घरात वाढलेल्या माणसाची ही तळमळ होती.

बोलण्यामागील कार्य

बाबांच्या वाणीस जे सामर्थ्य प्राप्त झाले त्याचे कारण केवळ वक्तृत्वात शोधून चालणार नाही. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःकरिता वापरला नाही. त्यातून अमरावती जिल्ह्यात ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू व आळंदी या क्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. गोरक्षण, अन्नदान व विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांस साहाय्य झाले. या कामांची व्यवस्था पाहण्यासाठी १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन ही संस्था स्थापन झाली.

यांपैकी पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेची हकीकत विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. ज्या काळी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस पंढरपुरात कोठेही निवारा मिळत नसे, त्या काळी बाबांनी त्यांच्यासाठी ही वास्तू उभारली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये विठ्ठलमंदिराचे दार या बांधवांस उघडे झाले. निवाऱ्याचे दार बाबांनी त्यापूर्वीच उघडले होते. पुढे १९४९ मध्ये ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली, ती मुलांच्या शिक्षणाच्या कार्यासाठी. यात्रेकरूंच्या निवाऱ्यापेक्षाही विद्यार्थ्यांचा निवारा त्यांना मोलाचा वाटला, हा या दानाचा अर्थ होय.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही बाबांचा असाच स्नेह होता. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे एक महाविद्यालय १९५४ मध्ये कराड येथे सुरू झाले. त्यास भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले. ज्याने धुळाक्षरेही गिरविली नव्हती त्याच्या नावाने उच्च शिक्षणाचे मंदिर उभे राहिले. पुढे २००५ मध्ये अमरावती विद्यापीठासही त्यांचे नाव देण्यात आले, आणि महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या वर्षी सुरू केलेले ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने चालविले गेले.

अखेरचे कीर्तन

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे कीर्तन झाले. वयाची ऐंशी वर्षे उलटली होती व शरीर थकले होते. तरीही प्रश्न विचारण्याची व उत्तरे वदवून घेण्याची रीत तीच होती. हेच त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, प्रवासात असताना अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. ज्याने आयुष्यभर स्वतःचे घर मानले नाही, त्याचा शेवटही वाटेवरच झाला.

वर्गातील विनियोग

हा पाठ शिकविताना शिक्षकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. प्रथम कृती, मग निरूपण. शाळेचे आवार स्वच्छ करावयाचे असल्यास शिक्षकाने स्वतः झाडू हाती घ्यावा आणि आधी बोलू नये. मुले आपोआप पुढे येतील.

२. झाडण्याचे काम मुलींकडेच किंवा ठरावीक घरांतील मुलांकडेच जात नाही ना, हे कटाक्षाने पाहावे. जेथे पाटी वाचणाऱ्यांचा एक गट आणि केर काढणाऱ्यांचा दुसरा गट पडतो, तेथे बाबांची जयंती साजरी झाली तरी बाबांची शिकवण पराभूत होते. अशा मुलाच्या मनावर उमटलेला ओरखडा जन्मभर पुसला जात नाही. शिक्षकांसह सर्वांची पाळी लावावी व ती फळ्यावर लिहावी.

३. स्वच्छतेवर भाषण करण्याऐवजी प्रश्नमाला तयार करावी. उदाहरणार्थ, हापशाभोवती चिखल का होतो? त्या चिखलात काय वाढते? गुरे तेथेच धुतली तर ते पाणी कोठे जाते? तेच पाणी कोणाच्या घरी येते? मग हापसा स्वच्छ ठेवणे हे काम कोणाचे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी देऊ नये. मुलांना विचार करण्यास वेळ द्यावा.

४. सातवीच्या वर्गात गणिताशी सांगड घालावी. एका कुटुंबाने समारंभासाठी १०,००० रुपये दरमहा शेकडा २ रुपये दराने कर्जाऊ घेतले. सरळव्याजाने वर्षाचे व्याज २,४०० रुपये होते. एवढ्या रकमेत वह्या, पुस्तके व कपडे किती येतील याचा हिशेब मुलांनीच करावा. मामांची जमीन का गेली, हे त्यांस निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

५. व्यसन व कर्ज हे विषय निघाले असता कोणत्याही मुलाच्या घराचा उल्लेख करू नये व होऊही देऊ नये. बाबांनी रीतींवर प्रहार केला, माणसाला कधी उघडे पाडले नाही.

६. जी मुले बराच काळ गैरहजर आहेत, त्यांच्या घरी शिक्षकांनी जयंतीच्या आठवड्यात स्वतः जावे. एक मूल जरी शाळेत परत आले तरी त्या वर्षीची जयंती सार्थकी लागली असे समजावे.

विचारावयाचे प्रश्न

१. डेबूजीच्या बालपणातील कोणत्या दोन प्रसंगांचा परिणाम त्यांच्या पुढील कार्यावर झाला?

२. कीर्तन सुरू करण्यापूर्वी बाबा गाव का झाडीत?

३. बाबा आपले म्हणणे श्रोत्यांच्याच तोंडून का वदवून घेत?

४. चोखामेळा धर्मशाळा शिक्षणाच्या कार्यासाठी दिली, यावरून बाबांचा कोणता विचार दिसून येतो?

५. आपल्या गावातील एक वाईट रीत निवडा व ती बंद व्हावी म्हणून लोकांना विचारता येतील असे पाच प्रश्न क्रमाने लिहा.

यांपैकी पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे पाठ वाचून देता येतील. पाचव्यासाठी मात्र मुलाला आपल्या गावाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागेल, आणि बाबा लोकांना हेच करावयास लावीत असत.