‘लाइन’ : एका परक्या शब्दाचा मराठी संसार

परभाषेतील शब्द एकच अर्थ घेऊन येतो आणि स्वभाषेतील शब्दाला हुसकावून लावतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ‘लाइन’ या नित्याच्या इंग्रजी शब्दाचा मराठीतील व्यवहार तपासला असता ती टिकत नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘लिनेआ’, म्हणजे जवसाच्या धाग्यांची दोरी. दोरी ताणली की रेघ मिळते. रेघेवरून रांग, रांगेवरून मार्ग, असे अर्थ वाढत गेले. मराठीत यांसाठी रेघ, ओळ, रांग हे शब्द होते, आणि आहेत. समीक्षक आजही कवितेची ओळच उद्धृत करतो. ‘लाइन’ने जागा घेतली ती मुख्यतः नव्या व्यवस्थांमध्ये. १९०० साली सुरू झालेला रायपूर-धमतरी हा अरुंद रूळमार्ग लोकांच्या तोंडी ‘छोटी लाइन’ झाला. छावणीतील बराकींच्या रांगांना इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. त्यावरून मुलकी अधिकाऱ्यांच्या वस्तीला ‘सिव्हिल लाइन्स’ हे नाव पडले. नागपूर आणि रायपूर या दोन्ही शहरांत ते अद्याप आहे. नव्या रायपुरातील वस्त्यांना मात्र ‘सेक्टर’ म्हणतात.

मराठीत या शब्दाचा अर्थ बहुधा क्रियापदावरून ठरतो. लाइन ‘लागते’ तेव्हा ती रांग. ‘जाते’ तेव्हा वीज. बोलताना मध्येच ‘तुटते’ तेव्हा दूरध्वनी. एखाद्याने ‘धरली’ तर पेशा. आणि तरुणांनी ‘मारली’ तर प्रेमाची आर्जवे. यांतील वीज आणि प्रेम हे अर्थ इथल्या मातीतले होत. रेघ, ओळ, रांग हे शब्द स्त्रीलिंगी, म्हणून लाइनही स्त्रीलिंगी झाली आणि तिचे ‘लाइनीत’ असे रूप सिद्ध झाले. शेजारच्या हिंदीतही ती स्त्रीलिंगीच आहे. छत्तीसगढीत लिंगानुसार क्रियापद सहसा बदलत नसल्याने तेथे हा प्रश्नच फारसा उद्भवत नाही.

तेव्हा भाषाशुद्धीच्या हेतूने ‘लाइन’च्या जागी सरसकट ‘रांग’ घालू गेल्यास ‘रात्रभर रांग गेली होती’ असे हास्यास्पद वाक्य हाती येईल. भाषांतरकाराने प्रथम क्रियापद पाहावे, मग प्रतिशब्द निवडावा. शब्दाचे कुळ विचारण्यापूर्वी त्याचे काम पाहणे, हाच येथे खरा विवेक होय.

या संसारातील एक शब्द विशेष लक्षणीय आहे. भिंतीचा थर सरळ यावा म्हणून गवंडी जी दोरी ताणतात, तिला ते ‘लाइनदोरी’ म्हणतात. ‘पावरोटी’प्रमाणे यातही परका आणि घरचा शब्द एकाच अर्थाने शेजारी बसले आहेत. लॅटिनमधील मूळ दोरी अशी मराठी कारागिराच्या हाती नकळत परत आली.